न टेकवलेलं बोट

चष्म्याच्या दुकानातल्या बाईने दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली, समोर बघा म्हणाली, आणि मी समोर बघायचं सोडून तिच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख तिरपं कापलेलं होतं, अंगठ्याच्या बाजूला जरा खोल. अशी नखं कापणारी माणसं फार नसतात. माझंही तसंच आहे. कितीतरी वर्षांत मी कॅरमबोर्डाला हात लावलेला नाही, तरी नख आपलं तिरपंच कापत आले, आणि का ते घरात कोणी विचारलं नाही. ती वाकली, माझ्या नाकावर छोटी पट्टी धरली, दोन बुबुळांमधलं अंतर कागदावर टिपलं आणि त्याच कामाच्या सुरात, मानसुद्धा वर न करता म्हणाली, "थोरली, हलू नकोस म्हटलं ना." खरं तर आनंद व्हायला हवा होता, आणि तो दोन मिनिटांनी झालाही, मी उठून तिला मिठी मारली, दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं बघत राहिली. पण सगळ्यात आधी काय झालं असेल तर माझा उजवा हात आपोआप मांडीवरच्या पर्सखाली गेला. चोराचा जातो तसा गेला.

आम्ही बहिणी नाही. मी तिच्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी, एवढ्यावरून सरांनी मला थोरली आणि तिला धाकटी करून टाकलं होतं. सर म्हणजे तसबिरींना चौकटी बसवून देणारे गृहस्थ. खाली दुकान, वर लांबट खोली, खोलीत चार बोर्ड, आणि संध्याकाळी येणाऱ्या दहा-बारा पोरापोरींना ते फुकट शिकवायचे. त्यांच्या अंगाला कायम लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास यायचा. बोलायचे कमी, पण बोर्डावर कोणी लबाडी केलेली त्यांना खपायची नाही, आणि त्यांची लबाडीची व्याख्या नियमांच्या पुस्तकापेक्षा बरीच कडक होती. त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच क्लबात पाहिली नाही. तुम्ही एक सोंगटी मारायला गेलात आणि भलतीच गेली, किंवा तीच गेली पण मनात नसलेल्या वाटेने गेली, तर पुढचा फटका मारण्याआधी तर्जनी एकदा बोर्डाच्या चौकटीला टेकवायची. बस, एवढंच. सोंगटी तुमचीच राहते, गुण तुमचेच राहतात, पंचाला काही कळतही नाही. "सोंगटी तुझी, पण फटका तुझा नाही, एवढं कबूल करायचं," असं ते सांगायचे. गंमत अशी, की मनात काय होतं ते मारणाऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ही पद्धत पाळली की नाही हे तपासायची सोयच नव्हती. कदाचित म्हणूनच आम्ही ती डोळ्यांत तेल घालून पाळायचो. धाकटी तर इतकी काटेकोर, की सोंगटी हव्या त्या भोकात पण हवी त्यापेक्षा जोरात गेली तरी बोट टेकवायची, आणि सर हसून म्हणायचे, अगं, एवढं नको.

ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हे वाक्य लिहायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. तेव्हा ते सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आमचं छान चाललं होतं. दहा डावांतले सात ती घ्यायची. तिचा हात सरळ, नजर नाकासमोर, आणि सराव एवढा की मधल्या बोटाचं टोक दगडासारखं झालेलं. मी आपली भलभलते फटके मारून बघणारी, लागला तर लागला. सर तिच्या मागे उभे राहायचे तेव्हा गप्प उभे राहायचे, आणि माझ्या मागे उभे राहायचे तेव्हा सूचना द्यायचे. या गप्प राहण्याचा मला किती हेवा वाटायचा, ते तेव्हा कळत नव्हतं. मग पाणीपुरवठा कार्यालयाने खेळाडूंसाठी एक जागा काढली, मुलींमध्ये कॅरमची विजेती असेल तिला घेणार म्हणून जाहीर केलं, आणि शेवटच्या सामन्याला आम्ही दोघीच समोरासमोर येऊन बसलो. एक डाव तिचा, एक माझा, तिसऱ्याचा शेवट. राणी कधीच गेलेली. तिची एक काळी उरली होती, माझ्या डाव्या हाताच्या भोकाशी, अगदी तोंडावर. तिने डोळे मिटून मारली असती तरी गेली असती. माझी एक पांढरी उरली होती, उजव्या चौकटीला चिकटून, माझ्या रेषेच्या मागे, जिला सरळ मारताच येत नाही. पाळी माझी. जिंकायचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. स्ट्रायकर समोरच्या चौकटीला आपटून परत आणायचा आणि तिची काळी तोंडावरून हुसकून लावायची, म्हणजे मरण एक फटका पुढे ढकलायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. मी बोट लावलं, आणि मला शिंक यायला लागली.

पावडर फार झाली होती, दुसरं काही नाही. नाकात हुळहुळायला लागलं. शेवटच्या फटक्याला, साहेब लोक समोर बसलेले असताना शिंकायचं कसं, म्हणून मी श्वास कोंडला, जीभ टाळूला लावली, आणि बोर्डाकडे एकटक बघत बसले. किती वेळ बसले कोण जाणे. लोक पुढे सांगत राहिले, पूर्ण एक मिनिट तिने विचार केला, पापणीसुद्धा हलवली नाही. पापणी हलवली असती तर शिंक आली असती. शेवटी गेली असं वाटलं म्हणून मी बोट सोडायला गेले, आणि नेमकी त्याच क्षणी ती आतल्या आत फुटली. खांदा उडाला, बोट घसरलं, स्ट्रायकर भलत्याच दिशेला गेला. डावीकडच्या चौकटीला लागला, तिथून समोरच्या चौकटीला, तिथून आडवा येत थेट माझ्या पांढरीवर. पांढरी चौकटीला घासत हळूहळू खाली आली, भोकाच्या काठावर थांबेल असं वाटलं, आणि आत पडली. आवाज झाला नाही, जाळीत पडताना होतो तेवढाच झाला. आणि टाळ्या. मी चौकटीकडे हात नेत होते, हे मी शपथेवर सांगते, माझं बोट हललं होतं. पण टाळ्या आधी वाजल्या, आणि त्या टाळ्यांतून सर पुढे आले, माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि गप्प राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "दिसला होता तुला?" समोर धाकटी बसली होती, तिचा हात अजून बोर्डावरच होता, ती माझ्या बोटाकडे बघत होती. "हो," मी म्हणाले. पुढचा फटका मारायचा नव्हताच, डाव संपला होता, त्यामुळे बोट टेकवायची वेळही टळून गेली होती, अशी पळवाट मी त्याच रात्री शोधून ठेवली.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी नव्हती. धाकटीने मला आतल्या बाकावर बसवलं, चहा मागवला, आणि आमची इतक्या वर्षांची विचारपूस झाली. लग्न झाल्यावर ती दुसऱ्या गावी गेली हे मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली होऊन पुन्हा याच शहरात आली हे ठाऊक नव्हतं. भेटायला का आली नाहीस म्हटलं तर नुसती हसली. खेळतेस का, असं विचारायचं मी टाळत होते, कारण सामन्यानंतर मी त्या खोलीकडे फिरकले नसले तरी ती खेळत नाही हे मला पुढे काही वर्षांनी सरांकडून कळलं होतं आणि त्याचं कारण मी माझ्यापुरतं लग्न असं ठरवून ठेवलं होतं. तिनेच विषय काढला. म्हणाली, मी तर त्या सामन्यानंतर आठवडाभरातच सोडलं. लग्नाला त्यानंतर दोन वर्षं होती. मी म्हटलं, अगं, हरलीस म्हणून? तिला ते लागल्यासारखं वाटलं. "हरले म्हणून कोण सोडतं? तू बोट टेकवलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी सरावाला आले असते," ती म्हणाली. "पण तू टेकवलं नाहीस. तेव्हा कळलं, आपण घोकून खेळतो. तुला आतून दिसतं." हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. एखादं माणूस आपली उंची किती ते सांगतं तसं, इतक्या साधेपणाने सांगत होती, आणि माझ्या चष्म्याच्या काचा कुठल्या घ्याव्यात हे त्याच सुरात समजावत होती. मी मान हलवत राहिले. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तोंडात चहा होता, तो गिळला, आणि काचा साध्याच दे म्हणाले.

मग तिच्या लेकीचं निघालं. लेक वीस वर्षांची, आईच्याच हाताची, शहराच्या संघाची निवड येत्या रविवारी आणि तिचं नाव पहिल्या यादीत. पण धाकटीने तिला एक अट घातली होती. सरांच्या खोलीतला एक बोर्ड तिने मागून घेतला होता, त्यावर आमच्या शेवटच्या फटक्यातल्या सोंगट्यांच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या, आणि गेली दोन वर्षं रोज सकाळी लेक तो फटका पन्नास वेळा मारत होती. थोरलीचा फटका म्हणतात आमच्या घरात, असं ती कौतुकाने म्हणाली. दोन वर्षांत चार वेळा गेला, पण चारही वेळा पोरीने इमानदारीत चौकटीला बोट टेकवलं, म्हणून धाकटी ते धरत नव्हती. जोपर्यंत तो मनापासून जात नाही, तोपर्यंत निवडीला जाऊन उगाच घोकंपट्टीवाल्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही, असं तिने लेकीला सांगून टाकलं होतं. तिचा हात फार दुखतो गं, म्हणाली, नखाखाली रक्त साकळतं, पण माझ्या डोळ्यांनी मी बघितलाय, जाणारा फटका आहे तो. आणि मग माझा हात धरून म्हणाली, शनिवारी ये आणि तिला एकदा मारून दाखव, मी चष्माही घरीच आणून ठेवते. मी हो म्हणाले. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या वेळा नाही म्हटलं आहे, आणि जेव्हा म्हणायला हवं तेव्हा तर कधीच नाही.

त्यानंतरचे तीन दिवस मी कार्यालयात कशी बसले ते माझं मला माहीत. माझ्या टेबलाच्या मागच्या भिंतीवर त्या सामन्याचा फोटो आहे. त्यात मी बोर्डावर वाकलेली, डोळे मोठे, गाल किंचित फुगलेले. एकाग्रता, असं सगळे म्हणतात. जरा निरखून बघितलं तर कोणालाही कळेल की ही बाई शिंक दाबते आहे, पण इतक्या वर्षांत कोणी निरखून बघितलेलं नाही. दर वर्षी नवी भरती होते, तेव्हा साहेब मला प्रशिक्षणाच्या खोलीत बोलावतात आणि म्हणतात, मॅडम, तो किस्सा सांगा यांना. साहेब बदलले, किस्सा तोच. सुरुवातीला मी थोडक्यात आवरायचे, प्रयत्न केला आणि जमलं असं म्हणायचे. पुढे लोकांना आवडतं म्हणून तपशील वाढले. सहाव्या-सातव्या वर्षी मी फळ्यावर बोर्ड काढून बाण दाखवायला लागले, इथे पंचेचाळीस अंश, इथे जोर निम्मा. नशीब वगैरे काही नसतं, बघायला शिकलं पाहिजे, असं वाक्य मी बोलते आणि पोरंपोरी ते वहीत लिहून घेतात. मला त्या वेळी लाज वाटत नाही, हीच खरी लाजेची गोष्ट आहे. फळ्यावर बाण काढताना मला तो फटका खरोखरच दिसतो. खेळाडू म्हणून घेतलेली मी, दोन वर्षं कार्यालयाकडून खेळले, बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत घरी आले, मग खांदा दुखतो म्हणून सोडलं. खांदा दुखतो हे तरी अर्धं खरं होतं, शिंकेने लचकला होता.

मी स्वतःशी फार वाद घातले आहेत. पत्त्यांत निदान हातात आलेली पानं नशिबाची आणि पुढचं आपलं, अशी वाटणी करता येते. सापशिडीत सगळंच फाशाचं, तिथे कोणी छाती काढून चालत नाही. कॅरममध्ये सगळं उघड्यावर पडलेलं असतं, कुठे काही झाकलेलं नाही, म्हणून तिथे आलेलं नशीब ओळखूच येत नाही, ते मारणाऱ्याच्या नावावर खपतं. मग मी म्हणायचे, आठ वर्षं सराव केला म्हणून तर बोट घसरलं तरी जोर बरोबर लागला. म्हणजे चार आणे माझेच. कधी आठ आणेसुद्धा धरायचे, मूड चांगला असला तर. आणि हे सगळं खरं असतं तरी बोट टेकवायला काय हरकत होती, या प्रश्नाशी येऊन गाडी अडायची. टेकवलं असतं तरी डाव माझाच होता. जागा माझीच होती. काही म्हणजे काही गेलं नसतं. फक्त सर माझ्या मागे ज्या तऱ्हेने गप्प उभे राहिले ते गेलं असतं, आणि तेच मला हवं होतं, जागेपेक्षाही जास्त. चांगली खेळणारी व्हायची मला घाई नव्हती. चांगली खेळणारी दिसायची घाई होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. पहिल्यांदाच. तो मटार सोलत होता. मी शिंकेपासून सुरुवात केली आणि दुकानापर्यंत आले. तो सोलतच राहिला आणि शेवटी म्हणाला, "एवढंच ना? जिंकलीस की." मग मला बरं वाटावं म्हणून त्याने जोडलं, नशीब तर प्रत्येकालाच लागतं. मला त्याचा राग आला, आणि मग कळलं की राग त्याचा नाही. अठ्ठावीस वर्षं मी ज्याला उराशी धरून बसले होते ते इतकं किरकोळ होतं, की मटाराच्या शेंगेपुढे त्याचा टिकाव लागला नाही. किरकोळ होतं तर मग धाकटीला का नाही सांगितलं? किरकोळ गोष्टीसाठी एखाद्या पोरीच्या नखाखाली दोन वर्षं रक्त साकळलं होतं. मी रात्री पाठ करून ठेवलं, दारातच सांगायचं, चप्पल काढायच्या आधी. धाकटी, तो फटका शिंकेने गेला. पाच शब्दांत होणारं काम.

शनिवारी दुपारी दार लेकीने उघडलं आणि मी चप्पल काढून आत गेले. पाठ केलेलं सगळं दाराबाहेरच राहिलं. घर छोटं, नीटनेटकं. खिडकीपाशी स्टुलावर तो बोर्ड, त्यावर उन्हाचा चौकोन पडलेला. मी चौकट ओळखली. कोपऱ्याशी सरांनी स्वतः बसवलेली पट्टी होती, तिचा रंग बाकीच्यापेक्षा गडद. पांढरी सोंगटी उजव्या चौकटीला, काळी डाव्या भोकाशी, आणि दोन्हींच्या भोवती पेन्सिलीची बारीक वर्तुळं, पुसून पुसून पुन्हा काढलेली. लेक आईसारखी नाही दिसत, पण बसली तेव्हा धाकटीच बसली असं वाटलं. मधल्या बोटाला पट्टी गुंडाळलेली. तिने माझ्याकडे अशा आदराने बघितलं की मला तिच्या नजरेसमोर कुठे जावं कळेना. "मावशी, मला ना, हा दिसतच नाही," ती हळूच म्हणाली, आजारपण सांगावं तसं. आईला ते ऐकू आलं. म्हणून तर बोलावलंय मावशीला, धाकटी म्हणाली, आणि तिने स्ट्रायकर पदराला नीट पुसून माझ्या हातात ठेवला.

मी बसले. पहिला फटका मारला, स्ट्रायकर दोन चौकटींना लागून भलतीकडेच गेला. दुसरा मारला, पांढरीच्या वीतभर पलीकडून. मी हसून म्हणाले, हात राहिला नाही आता. हे बोलता बोलता मला दिसलं की हीच सुटकेची वाट आहे. वय झालं म्हणायचं, चहा प्यायचा, चष्मा घ्यायचा, निघायचं. कोणी बोट ठेवलं नसतं. पण लेकीने चटकन विचारलं, "म्हणजे तुम्हालासुद्धा नाही जात?" आणि तिच्या तोंडावर असा काही उजेड आला, की मला पहिल्यांदा तिचं वय दिसलं. धाकटीने तो उजेड लगेच घालवला. किती वर्षांनी बसलीय ती, म्हणाली, तू तिच्याशी बरोबरी करू नकोस, बघ फक्त. लेक खाली बघायला लागली. आपली पट्टी बांधलेली बोटं तिने मांडीवर घेतली आणि दुसऱ्या हाताने झाकली. मी तिसरा फटका मारला तो बघून मारलाच नाही. संपवायचा म्हणून मारला. मला उठायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं, माझं लक्ष त्या झाकलेल्या हातावर होतं. स्ट्रायकर डावीकडे लागला, समोर लागला, आडवा आला, आणि पांढरी चौकटीला घासत हळूहळू खाली गेली आणि पडली.

धाकटीने टाळ्या वाजवल्या. ती एवढ्या मोठ्याने काही करणारी बाई नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती लेकीचा खांदा हलवत सांगत होती, बघ, मी म्हणत नव्हते, बघितलंस ना? लेकीने मान हलवली. ती रडायच्या बेतात होती, आणि तिच्या मनात काय चाललं होतं ते मला स्वच्छ कळत होतं, कारण तसंच तिच्या आईच्या मनात एकदा चाललेलं मी समोर बसून बघितलं होतं आणि गप्प बसले होते. पुन्हा टाळ्या आधी वाजल्या होत्या. मी हात पुढे नेला. एवढंसं अंतर, वीतभरसुद्धा नाही. मी तर्जनी चौकटीला टेकवली. उचलली, आणि पुन्हा एकदा टेकवली.

लेकीने आधी बघितलं. "मावशी, दोनदा?" तिने विचारलं. धाकटीच्या टाळ्या थांबल्या होत्या, हात तसेच एकमेकांवर ठेवलेले. तिने माझ्या बोटाकडे बघितलं, मग बोर्डाकडे, मग पुन्हा बोटाकडे. मी म्हटलं, मला शिंक आली होती. मी काळी उडवायला गेले होते. मग लेक हसली. हसू दाबायचा प्रयत्न करत होती, पण आतून येत होतं, दोन वर्षांचं साठलेलं. "म्हणजे हा फटका नाहीच आहे," ती म्हणाली, आणि पट्टी बांधलेल्या बोटाने तिने पेन्सिलीची वर्तुळं घासायला सुरुवात केली, आधी काळीचं, मग पांढरीचं. धाकटीने तिला अडवलं नाही. उद्या किती वाजता पोचायचंय, एवढं विचारलं, लेकीने सांगितलं, आणि ती उद्याचे कपडे काढून ठेवायला आत पळाली. तिची पावलं हलकी झाली होती, आणि मला त्या आवाजाचा आनंद घ्यायचासुद्धा हक्क वाटेना.

मी उठले, पर्स घेतली. मला वाटलं धाकटी आता बोलेल, तोंडाला येईल ते बोलेल, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते, म्हणजे हिशेब फिटल्यासारखं झालं असतं. कपाटावरून तिने डबी आणली, तिच्यातून माझा नवा चष्मा काढला, माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तो माझ्या कानांवर चढवला. तिची बोटं थंड होती. टोचतंय का, तिने दुकानातल्यासारखं विचारलं. मी नाही म्हणणार होते. मग हो म्हणाले, डाव्या कानामागे. तिने चष्मा उतरवला, काडी अंगठ्याने किंचित वाकवली, उजेडाकडे धरून बघितली, पुन्हा थोडी वाकवली आणि परत चढवला. आता बरोबर बसला होता. तिला कुठलंही काम पहिल्यापासून असंच बरोबर जमायचं. तिचे हात माझ्या कानांपाशीच होते, चेहरा हातभर अंतरावर, आणि त्याच सुरात, पुढचा प्रश्न विचारावा तसं तिने विचारलं, "मग मी का सोडलं गं?"

नव्या चष्म्यातून ती फार स्पष्ट दिसत होती.